सहा हजार आठशेचा मोशन सेन्सर: तरंगत्या मॉडेलवर महिनाभर वापरून

आधी तारे देऊन टाकतो. यंत्राला चार, ॲपला एक, डब्यावरच्या मजकुराला शून्य. आता सविस्तर.

मी सत्तावीस वर्षं फिरत्या यंत्रांची कंपनं मोजली. बडोद्याबाहेरच्या एका कारखान्यात कॉम्प्रेसर, टर्बाइन, पंप यांच्या बेअरिंगला कान लावून बसायचं, हेच काम. निवृत्तीनंतर दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराच्या ओट्यालगतच्या खोलीत एक टेबल टाकलंय. लोक प्रेशर गेज, थर्मामीटर तपासायला आणून देतात. तेव्हा सेन्सर म्हटला की मी त्याचं कौतुक उशिरा करतो आणि शंका आधी काढतो, हे वाचणाऱ्यांनी धरून चालावं.

हा सेन्सर मी माझ्यासाठी घेतला नाही, भाचीसाठी घेतला. ती समुद्रातल्या बांधकामांचं इंजिनिअरिंग शिकते, एम.टेक.ला आहे. तिचा विषय आहे लाटांपासून वीज करणारी तरंगती यंत्रं, आणि त्यातही ती यंत्रं अचानक बेफाम डोलायला लागतात ते वेळेत कसं ओळखायचं हा. उन्हाळ्याच्या सुट्टीत आली ती एक पीव्हीसीचा पाइप काखेत मारूनच. ताई म्हणाली, "मुलगी घरी आली की प्लंबर आलाय, कळत नाही."

बडोद्यात समुद्र नाही. सूरसागर आहे, त्यात लाटा नाहीत. विश्वामित्री आहे, तिच्यात मगरी आहेत. खंभातचं आखात जवळ, पण त्याचं नाव भरती-ओहोटीसाठी, लाटांसाठी नाही. तरी मॉडेलला समुद्र लागत नाही. जहाजाची मॉडेलं टाकीत ओढून बघायची रीत विल्यम फ्रूडने एकोणिसाव्या शतकात बसवली, तिचाच हिशेब आजही चालतो: मॉडेल पंचवीस पटींनी लहान केलं तर वेळ पंचविसाच्या वर्गमुळाने, म्हणजे पाच पटींनी, लहान होतो. खऱ्या समुद्रातली सहा सेकंदांची लाट, म्हणजे दर सहा सेकंदांनी येणारी, आपल्या टाकीत १.२ सेकंदांची. भाचीने एकास पंचवीस हे प्रमाण घेतलं ते यासाठीच, पाचाचा पाढा सगळ्यांना येतो.

मॉडेल म्हणजे १६० मिलीमीटर व्यासाचा पाइप, दोन्ही टोकं बंद, तळाशी रेती, पाण्यात ३३ सेंटीमीटर बुडलेला आणि उभा. लाट आली की तो वरखाली होतो. खऱ्या यंत्रात याच वरखाली होण्यातून जनरेटर फिरतो. आपल्याकडे आयआयटी मद्रासने सिंधुजा-१ नावाचं असं यंत्र २०२२च्या नोव्हेंबरमध्ये तुतिकोरिनपासून सहा किलोमीटरवर समुद्रात उतरवलं होतं, १०० वॉटचं. त्याआधी १९९१ पासून केरळात विळिंजमला १५० किलोवॅटचा प्रयोग होता, पण तो तळावर घट्ट बसवलेला काँक्रीटचा पेटारा. तो डोलायचा प्रश्न नाही. तरंगत्याला मात्र डोलण्याचा रोग असतो.

रोग थोडक्यात असा. जास्त वीज हवी म्हणून यंत्राचा वरखाली होण्याचा काळ लाटेच्या काळाशी जुळवतात. वरखाली होताना ते कधी जास्त बुडतं, कधी कमी, आणि त्याबरोबर त्याला उभं ठेवणारा जोर कमीजास्त होतो. आता या यंत्राचा स्वतःचा डोलण्याचा काळ लाटेच्या काळाच्या बरोबर दुप्पट निघाला, तर एका हेलकाव्यात हा जोर दोनदा सैल आणि दोनदा ताठ होतो, आणि तेही नेमका नको त्या वेळी. लाट त्याला बाजूने ढकलत नसली तरी डोलणं वाढत जातं.

आमच्या घरात पितळी कड्यांचा जुना झोपाळा आहे. भाची त्यावर उभी राहून एका झोक्याला दोनदा गुडघे वाकवून दाखवते, झोका वाढतो. पण तिनेच मला दुसरी गोष्टही दाखवली, जी मी पन्नास वर्षं त्या झोपाळ्यावर बसून बघितली नव्हती: झोपाळा अगदी स्थिर असताना कितीही उठाबशा काढा, तो हलत नाही. आधी थोडा झोका लागतो, मग तो वाढतो. म्हणून हा रोग ओळखणं अवघड. सुरुवातीला आकडा इतका लहान असतो की कोणी बघत नाही.

माझ्या धंद्यात याचा चुलतभाऊ आहे. तेलाच्या बेअरिंगमध्ये शाफ्ट भिरभिरायला लागतो, त्याला ऑइल व्हर्ल म्हणतात. तो फिरण्याच्या वेगाच्या ०.४२ ते ०.४८ पट वारंवारतेला दिसतो, अर्ध्याच्या किंचित खाली. कारण अगदी वेगळं, पण धडा एकच: स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे कुठल्या वारंवारतेला किती कंपन ते दाखवणाऱ्या आलेखात, अर्ध्याच्या आसपास काही उगवलं की चहा खाली ठेवायचा. भाचीच्या पाइपचा रोग नेमका अर्ध्यावर येतो. लाट ०.८३ हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ०.८३ वेळा, डोलणं ०.४२ला.

हे मी दुकानदाराला सांगितलं होतं. मकरपुऱ्याकडे औद्योगिक सेन्सर विकणारं एक दुकान आहे, नाव सांगत नाही, कारण तक्रार करायची आहे. मी म्हटलं, मला अर्ध्या हर्ट्झच्या खालचं बघायचंय. ते म्हणाले, "साहेब, आ तो बधुं करी आपशे." म्हणजे हा सगळं करेल. ६,८०० रुपये घेतले आणि काडेपेटीपेक्षा जरा मोठी काळी डबी दिली. तीन ॲक्सेलरोमीटर (वेगातला बदल मोजणारे), तीन गायरो (फिरण्याचा वेग मोजणारे), होकायंत्र, ब्लूटूथ, आत साठवायची मेमरी. डबीवर लिहिलेलं: वजन ३८ ग्रॅम, अचूकता ०.१ अंश, कंपन विश्लेषण, स्थिरता निर्देशक.

वजनापासून सुरू करतो. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला, ६० ग्रॅम. ३८ हे बिनझाकणाचं, बिनचुंबकाचं वजन असावं. तळाला चुंबक आहे, मोटारीला चिकटवायचा. पाइपवर त्याचा उपयोग शून्य, शिवाय होकायंत्राची वाट लावतो तो वेगळंच.

आणि या २२ ग्रॅमच्या फरकाने, खरं तर साठही ग्रॅमने, आमचे दोन दिवस खाल्ले. भाचीच्या हिशेबाने पाइपचा डोलण्याचा काळ २.४ सेकंद यायला हवा होता. अंगणातल्या टाकीत पाइप सोडला, हाताने दहा अंश कलवून मोकळा केला, ॲपवर आकडा आला २.९. पुन्हा केलं, २.९. ती वही काढून बसली. जेवायला उठेना. "मामा, माझं गणित चुकलं का रे?" मी पण वही बघितली, मला चूक दिसली नाही, पण माझं गणित तिच्या गणिताच्या पासंगाला पुरत नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मला सुचलं की सेन्सर काढून स्टॉपवॉचने मोजू. पाइपच्या डोक्यावर उदबत्तीची काडी उभी चिकटवली, मागे भिंतीवर खडूची रेघ. दहा हेलकावे चोवीस सेकंदांत. गणित बरोबर होतं.

चूक सेन्सरने केली, पण मोजण्यात नाही, बसण्यात. पाइपचं एकंदर वजन साडेसहा किलो. गुरुत्वमध्यापासून मेटासेंटरपर्यंतचं (पाइप कलल्यावर पाण्याचा वर ढकलणारा जोर त्याच्या मधल्या रेषेला जिथे छेदतो तो बिंदू) अंतर, ज्याच्या जोरावर तो उभा राहतो, फक्त १४ मिलीमीटर. भाचीने ते मुद्दाम कमी ठेवलं होतं, रोग लवकर दिसावा म्हणून. गुरुत्वमध्याच्या ४३ सेंटीमीटर वर ६० ग्रॅमची डबी बसवली की गुरुत्वमध्य जवळजवळ ४ मिलीमीटर वर सरकतो. चौदातले चार गेले. मग काळ लांबणारच. थर्मामीटर घातल्याने वाटीतलं पाणी थंड होतं, हे मी शिकाऊ पोरांना आयुष्यभर सांगत आलो, आणि स्वतःच्या अंगणात विसरलो.

उपाय: चुंबक स्क्रू काढून फेकला, तर वजन ४१ ग्रॅम. मग तळाशी शंभर-सव्वाशे ग्रॅम शिशाचे छर्रे घातले आणि मधल्या थरातली तितकी रेती काढली. काळ पुन्हा २.४. सेन्सर खाली पाण्यात बसवला असता तर हे करावं लागलं नसतं, पण ब्लूटूथ पाण्यातून जात नाही. ज्यांना कुठल्याही हलक्या वस्तूवर हा बसवायचाय त्यांनी आधी त्याच्याशिवाय एकदा मोजून घ्यावं.

मग आम्ही सिंधरोटला गेलो. तिथे माझ्या एका जुन्या सहकाऱ्याचं फार्महाऊस आहे, बारा मीटर लांब आणि सव्वा मीटर खोल तरणतलाव असलेलं. हा माणूस मे महिन्यात दोन आठवडे तलाव देतो म्हणाला, तेव्हा त्याला काय कबूल करतोय ते माहीत नव्हतं. एका टोकाला मी प्लायवुडची पाचर बसवली, तिला क्रँक, क्रँकला गिअरची मोटर, मिनिटाला ५० फेरे. म्हणजे लाट १.२ सेकंदांची. तिची लांबी सव्वादोन मीटर, आणि तलावाची खोली त्याच्या निम्म्याहून जास्त, तेव्हा लाटेला तळ लागत नाही. दुसऱ्या टोकाला लाट आपटून परत येते, तिचा बंदोबस्त करावा लागतो. लाटांचा ताफा लाटेच्या निम्म्या वेगाने जातो, इथे सेकंदाला ९४ सेंटीमीटर. पाचरीपासून पाच मीटरवर मॉडेल, तिथून सात मीटर जाऊन सात मीटर परत: पंधरा सेकंदांत परतलेली लाट मॉडेलला भिडते. पंधरा सेकंदांत पाइप सहा वेळा डोलतो, एवढ्यात काय कळणार. खंडेराव मार्केटच्या बाजूने काथ्याची पायपुसणी आणली, सव्वीस नग, बांबूच्या तिरप्या चौकटीवर शिवली आणि त्या टोकाला बुडवली. लाट त्यात शिरते आणि बऱ्यापैकी मरते. दुकानदाराने विचारलं, "लग्नाचा हॉल आहे का?"

पहिल्या दिवशी लाट १ सेंटीमीटर उंचीची. पाइप वरखाली, वरखाली, डोलणं जवळपास नाही. दहा मिनिटं तसंच. दुसरी लाट २ सेंटीमीटरची. पहिली दहाएक सेकंदं तसंच. मग भाचीने माझ्या दंडाला चिमटा काढला. पाइपच्या डोक्यावरची काडी, जी आतापर्यंत लाटेबरोबर किंचित मान हलवत होती, ती आता एक लाट सोडून डावीकडे, एक लाट सोडून उजवीकडे जायला लागली होती. दोन लाटांना एक हेलकावा. आणि प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा थोडा मोठा. चाळीस सेकंदांत पाइप १४ अंश कलून डोलत होता, लाट मात्र तीच, बोटाच्या पेराएवढी.

त्या वेळी मी हातातल्या फोनकडे बघितलं. ॲपच्या पहिल्या पानावर मोठं हिरवं वर्तुळ आहे, मध्ये लिहिलेलं असतं स्थिरता इतके टक्के. डोलणं दर चार हेलकाव्यांना दुप्पट होत होतं आणि वर्तुळ म्हणत होतं ९७ टक्के. दहा अंश ओलांडल्यावर ते एकदम लाल झालं आणि शिट्टी वाजली. एव्हाना तलावाच्या कडेला बसलेल्या मालकाच्या आईलाही दिसलं होतं की पाइपला काहीतरी झालंय.

हा माझा मुख्य आक्षेप. ॲपचा निर्देशक कोन किती झाला एवढंच बघतो, कोन कसा वाढतोय ते बघत नाही. अस्थिरता हा आकडा नाही, व्याजाचा दर आहे. मुद्दल अर्धा अंश असताना वीस टक्के चक्रवाढ लागलं असेल तर धोका तेव्हाच आहे, बँकेने दहा अंशांना पत्र पाठवून काय उपयोग.

कंपन विश्लेषणाचं पान तर विचारूच नका. ते २ हर्ट्झपासून सुरू होतं. मोटारींसाठी ते ठीक, कारण यंत्रांच्या कंपनाचं आंतरराष्ट्रीय मानकसुद्धा साधारण १० हर्ट्झपासून मोजतं, आणि संथ यंत्रांना २ पासून. आमची लाट आणि आमचा रोग दोन्ही १ हर्ट्झच्या खाली. म्हणजे या पानावर आमचं मॉडेल पूर्णपणे निरोगी, सपाट रेघ. दुकानात मी अर्ध्या हर्ट्झचं बोललो होतो, ते हेच.

कोनाच्या अचूकतेबद्दल. ०.१ अंश हे टेबलावर स्थिर ठेवलेल्या सेन्सरचं. डोलणाऱ्याचं नाही. तलावाच्या भिंतीवर फरशांच्या रेघा आहेत, त्यांच्यासमोर व्हिडिओ काढला आणि काडीचा कोन मोजला: १४ अंश. ॲप त्याच क्षणी १७ दाखवत होतं. कारण समजायला मला अर्धी रात्र लागली. ॲक्सेलरोमीटर खाली कुठे आहे ते गुरुत्वाकर्षणावरून ओळखतो. पण पाइपच्या वरच्या टोकावर बसलेल्या सेन्सरला डोलताना बाजूचा धक्काही बसतो, आणि तो धक्का तो गुरुत्वाकर्षणातच जमा करतो. आमच्या उंचीला आणि आमच्या काळाला त्यामुळे नुसता ॲक्सेलरोमीटर तीस टक्के जास्त सांगेल. ॲप त्यात गायरो मिसळतं म्हणून चूक थोडी कमी झाली. मी कच्चा गायरो घेऊन स्वतः बेरीज केली तेव्हा १३.७ आले. गायरोची बेरीज हळूहळू सरकते हे खरं, पण दोन-तीन मिनिटांच्या प्रयोगात ते खपतं. फक्त काळी डबी उन्हात ठेवून शून्य करू नका. बडोद्याच्या मे महिन्यात ती पाच मिनिटांत तव्यासारखी होते, मग पाण्यावर थंड होताना शून्य सरकतं. आधी दहा मिनिटं मॉडेलवर, पाण्यात, सावलीत, मग शून्य.

आता यंत्राला चार तारे का, ते सांगतो. कारण कच्चा डेटा उत्तम आहे. गायरोमध्ये गोंगाट इतका कमी की पाव अंशाचा हेलकावाही स्वच्छ दिसतो. आतल्या मेमरीत सेकंदाला शंभर नोंदी, प्रत्येक नोंदीला सेन्सरचं स्वतःचं घड्याळ. मी असले महागडे सेन्सर बघितलेत, ज्यांच्यात हे मिळायला वेगळं लायसन्स लागतं.

पण ही मेमरी चालू करायची सोय माहितीपत्रकाच्या एकतिसाव्या पानावर आहे. तोवर आम्ही चार दिवस ब्लूटूथवरून येणारा डेटा घेत होतो, आणि तो फसवा. लाट मध्ये आली की सिग्नल तुटतो. तुटलेल्या जागी ॲप काय करतं? शेवटचा आकडा पुन्हा पुन्हा लिहितं आणि वेळ टाकतं फोनवर आल्याची. गाळलेली जागा गाळलेली दाखवली असती तर माझी काही तक्रार नव्हती. गोंगाट चालतो, भोक चालतं, भोकाला ठिगळ लावून वर इस्त्री केलेली चालत नाही. हेलकावा वाढतोय का हे ठरवायला शिखरं आणि त्यांच्यामधलं अंतर लागतं, आणि नेमकी शिखरंच अशी चपटी झाली होती.

हे कळल्यावर मी कंपनीला लिहिलं. नऊ दिवसांनी व्हॉट्सॲपवर उत्तर आलं: सर, ॲप अपडेट करा. केलं. वर्तुळ आता जास्त हिरवं आहे. मग मी तीन पानांचं पत्र लिहिलं, आलेख जोडले, तेव्हा कुणा मुलीचा फोन आला. आवाजावरून पंचविशीची. तिने विचारलं, "काका, तुम्ही ॲप वापरताच कशाला? फाइल थेट केबलने काढा ना." आणि पाच मिनिटांत कसं ते सांगितलं. त्या मुलीला पाचवा तारा. तिला विक्री विभागात बसवलं असतं तर माझे चार दिवस वाचले असते.

केबलने फाइल काढायला लागल्यावर खरं काम झालं. आधी शांत पाण्यात कलवून सोडायचं आणि शिखरं मोजायची: १० अंश, मग ८.२, मग ६.७, मग ५.५. प्रत्येक वेळी अठरा टक्के कमी, म्हणजे डॅम्पिंग, डोलणं आपोआप विरण्याचं माप, तीन टक्क्यांच्या जरा वर. मॅथ्यू नावाच्या फ्रेंच गणित्याचं १८६८ सालचं समीकरण इथे लागतं. त्याने ते लांबट गोल पडद्याच्या कंपनासाठी मांडलं होतं, पाण्याशी त्याचा काही संबंध नव्हता. त्यातून निघतं की उभं ठेवणारा जोर डॅम्पिंगच्या चौपटीहून जास्त प्रमाणात वरखाली झाला की डोलणं वाढायला लागतं. इथे साडेबारा टक्के. चौदा मिलीमीटरचे साडेबारा टक्के म्हणजे पावणेदोन मिलीमीटर. १ सेंटीमीटरच्या लाटेला आम्ही उंबरठ्यावर होतो, २ सेंटीमीटरला पार आत. लाट दुप्पट झाली, आणि काही नाही पासून १४ अंशांवर गेलं.

भाचीची ओळखण्याची युक्ती मला आवडली, कारण ती कागदावर करता येते. डोलण्याच्या आकड्याचा वर्ग करायचा. वर्गाला डावंउजवं नसतं, म्हणून त्याची वारंवारता दुप्पट होते आणि ती थेट वरखालीच्या वारंवारतेवर येऊन बसते. रोग नसेल तर या दोघांचं एकमेकांशी काही घेणंदेणं नसतं. रोग लागला की ते पायात पाय बांधल्यासारखे चालायला लागतात. त्याला माझी भर अशी की लागोपाठची चार शिखरं आधीच्याहून किमान दहा टक्के मोठी आणि शिखरांतलं अंतर लाटेच्या दुप्पट, या दोन्ही गोष्टी जुळल्याशिवाय ओरडायचं नाही. नाहीतर लाटांचे लहानमोठे गट आले तरी डोलणं वाढल्यासारखं दिसतं. ते लाटेच्याच काळाने वाढतं, अर्ध्या वारंवारतेने नाही.

या नियमाने दीड अंशालाच इशारा मिळाला. ॲपची शिट्टी दहा अंशांना. मधला फरक तेवीस सेकंदांचा, आणि खऱ्या यंत्रात पाचने गुणून जवळजवळ दोन मिनिटं. दोन मिनिटांत जनरेटरचं ओझं बदलता येतं, वरखाली होणं आवरता येतं. भाची म्हणाली, १९९८च्या ऑक्टोबरमध्ये उत्तर पॅसिफिकमध्ये एपीएल चायना नावाचं कंटेनर जहाज समोरून येणाऱ्या लाटांत असंच डोलायला लागलं, चारशेच्या आसपास कंटेनर समुद्रात गेले. तिथे लाट बाजूने नव्हती, समोरून होती, म्हणून कुणाला संशयच आला नाही.

एकदा आमचाही इशारा खोटा निघाला. लाट बंद, तरी वाढ दिसली. पाहिलं तर मालकाच्या नातवाने गाळणीचा पंप चालू केला होता आणि पाण्याचा झोत पाइपवर पडत होता. भाचीने ती फाइलसुद्धा जपून ठेवली, वर नाव दिलं "खोडसाळ".

घ्यावा की नाही? पंपावर, मोटारीवर लावायचा असेल तर यापेक्षा स्वस्तात मिळतो, आणि तिथे हिरवं वर्तुळ चालून जाईल. तरंगत्या, टांगलेल्या, संथ डोलणाऱ्या कशावरही लावायचा असेल तर घ्या, पण चुंबक काढा, फोन खिशात ठेवा, फाइल केबलने काढा आणि कोन स्वतः काढा. बॅटरी सहा तास सांगतात, पावणेपाच मिळाली. पाणी आत गेलं नाही, दोन आठवडे भिजून. चार्जिंगच्या भोकावरचं रबरी बूच मात्र अकराव्या दिवशी तुटलं. वॉरंटीत ते येत नाही. मी सायकलच्या ट्यूबचं बूच कापून लावलंय, ते कंपनीच्या बुचापेक्षा घट्ट आहे.

परवा भाची सेन्सर घेऊन परत गेली. त्यांच्या संस्थेतल्या मोठ्या लाटटाकीत पुढचं मॉडेल आहे. दुकानदाराचा काल फोन आला, साहेब, नवीन मॉडेल आलंय, शिट्टी जास्त मोठी वाजते. मी विचारलं, आलेख कितीपासून सुरू होतो? ते म्हणाले, बघून सांगतो. अजून सांगितलेलं नाही.